स्वस्त गाडीचा महाग संसार



‘चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिचा पडताळा आज मी जरा दूरच्या बाजारातून देणार आहे. युरोप-अमेरिकेत वीस-पंचवीस वर्षे वापरलेली स्पोर्ट्स कार पुष्कळदा साध्या नव्या गाडीहून कमी पैशांत मिळते. बेताच्या मिळकतीचा तरुण तिथेच फसतो.

त्याला कोणी ठकवतो असे नव्हे. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, पण तिला सांभाळण्याचा खर्च उतरत नाही, एवढीच गोष्ट तो विसरतो. गाडी तिसऱ्या हाताची असली, तरी सुटे भाग आणि कारागिराची मजुरी श्रीमंताच्या गाडीचीच असते.

जर्मनीतील पोर्श कंपनीची बॉक्स्टर पाहा. ही १९९६ साली आली. तिच्या पहिल्या पिढीच्या इंजिनात एक मधला दांडा आहे आणि त्याच्या टोकाशी एक लहानसे बेअरिंग. त्यातले वंगण कालांतराने निघून जाते आणि गोळ्या झिजतात. प्रत्येक गाडीत ते मोडतेच असे नाही. परंतु ज्याचे मोडले, त्याचे सबंध इंजिन निकामी होऊ शकते. ते वेळीच बदलावे म्हटले, तर आधी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणून जाणते लोक क्लच बदलतानाच हेही काम उरकून घेतात. या दोषावरून अमेरिकेत दावा झाला आणि २०१३ साली तडजोड झाली. पण तिला गाडीच्या वयाची मर्यादा होती. आज घेणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

इटलीच्या फेरारी एफ ३५५ ची तऱ्हा याहून न्यारी. तिच्या इंजिनातला पट्टा बदलायचा, तर इंजिनच बाहेर काढावे लागते! आणि हा पट्टा गाडी उभी असली तरी वयाने जुना होतो.

यावरून दुसरा भ्रम ध्यानात येईल. ‘गाडी फारशी चाललेलीच नाही’ असे विकणारा अभिमानाने सांगतो. पण उभ्या गाडीचेही रबर कडक होते, ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते. टायरच्या नक्षीला काहीच झिज नसते. मात्र त्याच्या कडेवरचे चार आकडे वाचावेत. ‘२३१२’ म्हणजे २०१२ सालचा तेविसावा आठवडा. असल्या टायरवर वेगाने जाणे म्हणजे जिवाशी खेळ. इथे प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही.

मग हौस करूच नये काय? अवश्य करावी, हौसेवाचून संसार अळणी. मात्र रंग पाहण्याआधी दुरुस्तीच्या पावत्या पाहाव्यात. विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या कारागिराकडून गाडी तपासून घ्यावी. जमल्यास तेलाची गाळणी कापून आत धातूचे कण आहेत काय ते पाहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, जवळची सगळी पुंजी खरेदीत घालू नये. विकत घेण्याची ऐपत आणि बाळगण्याची ऐपत या दोन निराळ्या ऐपती आहेत. दारी हत्ती बांधणाऱ्याने आधी त्याच्या चाऱ्याचा हिशेब मांडावा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.