गॅसचं बिल आणि बाहेरची थंडी

इंग्लंडात घर असलेल्या आपल्या लोकांना आज एकच सांगणं आहे. हिवाळ्याचं गॅसचं बिल गेल्या वर्षीच्या बिलाशेजारी ठेवून लगेच निकाल देऊ नका. आधी थंडी मोजा.

साखर लवकर संपली की आपण डब्याला दोष देत नाही, महिन्यात पाहुणे किती आले ते आठवतो. थंडी म्हणजे हे पाहुणे. त्यांची मोजदाद होते डिग्री-डेमध्ये. इथे पाया धरतात 15.5 अंश, बाहेर तेवढं असलं की घर माणसांच्या, स्वयंपाकाच्या, उन्हाच्या उबेवर निभावतं. दिवसाची सरासरी त्याहून जितके अंश खाली, तितके डिग्री-डे: सरासरी 5.5 असली तर त्या दिवसाचे 10. अशी महिन्याची बेरीज करायची.

डिसेंबर 2010 मध्ये मध्य इंग्लंडची सरासरी शून्याखाली गेली होती. डिसेंबर 2015 मध्ये ती साडेनऊच्या वर होती. म्हणजे एकीकडे सुमारे 500 डिग्री-डे, दुसरीकडे 180च्या आसपास! मधल्या काळात माळ्यावर इन्सुलेशन घालून कुणी म्हणालं, 'गॅस निम्म्यावर आला', तर अहो, काही न करताही घर तापवायचा गॅस निम्म्याखाली आला असता. म्हणून पुन्हा सांगतो, आधी थंडी मोजा.

आलेखाचा कागद घ्या. आडवे डिग्री-डे, उभी युनिटं. पौंड नकोत, दर बदलतात. आणि अंदाजे रीडिंगचं बिल तर मुळीच नको. मीटर स्वतः वाचा. बारा महिन्यांचे ठिपके साधारण एका तिरक्या रेषेत बसतात. रेषेचा चढ म्हणजे दर पाहुण्यामागे लागणारी साखर. नव्या खिडक्यांनी चढ कमी झाला, तरच त्या कामाला आल्या. रेषा शून्यापासून निघत नाही, कारण घरच्यांचा चहा पाहुण्यांविनाही होतोच: आंघोळीचं पाणी, स्वयंपाक. आणि पाहुणे थोडे असून साखर संपली, एखादा ठिपका रेषेच्या बराच वर गेला, तर शोधा. कुणी थर्मोस्टॅट चढवला का? घर रिकामं असताना बॉयलर चालू राहिला का?

वाऱ्याचं राहिलंच. समुद्रकाठच्या घरात फटींतून वारा शिरतो, तापमान तेच असलं तरी गॅस जास्त लागतो, आणि डिग्री-डेत वारा मोजला जात नाही. पण वेळ होत आली. येत्या 1 तारखेला मीटर वाचा, शेजारी सरलेल्या महिन्याचे डिग्री-डे लिहा. बिलाबद्दल त्यानंतर बोलू.