एका गाडीत दोन ऋतू



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा बोनस, महागाईभत्ता किंवा संप यांपैकी काहीतरी येईल अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही त्यांना कळविले, की मोटारीच्या एका बाजूला थंड आणि दुसऱ्या बाजूला गरम हवा का येते, ह्यावर आम्ही बोलणार. चिटणिसांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. पण वैशाखातल्या ह्या संध्याकाळी पंख्याखाली जागा मिळालेले आणि न मिळालेले असे श्रोत्यांचे दोन पक्ष समोर दिसत आहेत. तेव्हा विषय अगदीच अस्थानी आहे असे आम्हांस वाटत नाही.

आमचे शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे ट्रकवर क्लीनर म्हणून, गॅरेजात आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. गेली पंचवीस-तीस वर्षे चालकांच्या संघटनेचे काम करीत आहोत. यंत्राविषयी बोलताना एखादा शब्द चुकला, तर येथे बसलेल्या इंजिनियर मंडळींनी मागाहून आमचा कान धरावा. आम्ही तो आनंदाने पुढे करू.

ह्या विषयाकडे आम्ही वळलो ते एका सभासदामुळे. ते एका कंपनीच्या साहेबांची गाडी चालवीत. साहेबांना मागे बसले की मळमळत असे, म्हणून ते पुढे, चालकाच्या डाव्या हाताला बसत. गाडी भारी, तिच्यात हवेची दोन बाजूंची व्यवस्था वेगवेगळी. गॅरेजात तिला ड्युअल झोन म्हणतात. चालकाने आपल्या बाजूला चोवीस अंश लावावे, साहेबांनी आपल्या बाजूला वीस लावावे, अशी सोय. चैत्र लागला आणि घडले उलटेच. चालकाच्या अंगावर गार वारा, आणि वीस अंश लावून बसलेल्या साहेबांच्या तोंडावर कोमट हवा. साहेबांना वाटले, हा माणूस काहीतरी खटपट करून थंडी आपल्याकडे ओढतो आहे. गॅरेजवाल्याने एका महिन्यात तीनदा गॅस भरला. दोनदा भरला तोवर कंपनीने पैसे दिले. तिसऱ्या वेळी बिल चालकाच्या पगारातून कापले आणि वर ताकीद दिली, की पुन्हा असे झाले तर दुसरा चालक पाहू.

हे गृहस्थ आमच्या कचेरीत आले, बाकावर बसले आणि म्हणाले, "दादा, मी त्या बटणाला हात लावला नाही हो. पण हे सिद्ध कसं करू?" घरी दोन मुले शाळेत, आणि नोकरी अडकली होती एका बटणात.

येथे आमची एक चूक कबूल करतो. आम्ही तत्काळ कागद ओढला आणि कंपनीच्या नावे कडक निवेदन लिहावयास घेतले. चार ओळी झाल्या आणि हात थांबला. गाडीत नेमके काय बिघडले आहे ते साहेबांना ठाऊक नव्हते, चालकाला नव्हते, आणि आम्हांलाही नव्हते. साहेबांनी माहितीवाचून चालकाला दोषी ठरविले. आम्ही माहितीवाचून साहेबांना दोषी ठरवीत होतो. तो कागद आम्ही बाजूला ठेवला आणि आमच्या एका जुन्या मिस्त्री मित्राकडे गेलो. त्यांनी जे शिकविले ते आज आपल्यापुढे मांडतो.

पहिली गोष्ट अशी, की गाडीत दोन हवामाने असली तरी थंडी तयार करणारी चूल एकच असते. चूल म्हणणे विचित्र वाटेल, पण कल्पना येण्यास बरे. इंजिनच्या जोरावर कॉम्प्रेसर गॅस दाबतो. पुढच्या जाळीजवळचा कंडेन्सर त्याची उष्णता बाहेर टाकतो आणि गॅसचा द्रव होतो. हा द्रव एका अरुंद छिद्रातून सुटून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये जातो, तेथे पुन्हा उकळतो, आणि उकळताना भोवतालच्या हवेतली उष्णता शोषून घेतो. अनेक गाड्यांत वापरला जाणारा १३४-ए हा गॅस मोकळ्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो, एवढे सांगितले म्हणजे त्याचा स्वभाव कळेल. ब्लोअर ह्या कॉइलवरून हवा ढकलतो. जवळच दुसरी एक कॉइल असते, तीत इंजिनचे गरम पाणी खेळते, ती हीटरची.

ह्या दोहोंच्या मध्ये असतात झडपा. डाव्या बाजूसाठी एक, उजव्या बाजूसाठी एक. थंड हवेपैकी किती हवा हीटरवरून न्यावयाची आणि किती तशीच सोडावयाची, हे झडप ठरविते. प्रत्येक झडपेला मुठीएवढी एक विजेची मोटर आणि तिच्या पोटात प्लास्टिकचे बारीक दाते असतात. आपण वीसचा आकडा लावतो तेव्हा जास्त थंडी तयार होत नाही. फक्त झडपेला हुकूम जातो. तो हुकूम पाळला गेला की नाही, हे आकडा सांगत नाही. समोर वीस दिसते म्हणून वीस आहे, असे समजणे ही पहिली फसगत.

तेव्हा एक बाजू गार आणि एक गरम असेल, तर प्रश्न असा विचारावा: थंडी कमी तयार होते आहे, की तयार झालेली थंडी नीट वाटली जात नाही? दोन्ही दोषांचे बाह्य लक्षण एकच, उपाय मात्र निराळे.

मिस्त्रींनी तपासाचा क्रम सांगितला तो असा. आधी पैसे न लागणाऱ्या गोष्टी पाहाव्या. दोन्ही बाजू एकत्र बांधणारे बटण असते, त्यावर सिंक किंवा मोनो असे लिहिलेले असते. ते दाबलेले आहे काय? हवेच्या जाळ्या पूर्ण उघड्या आहेत काय? हवेचा फिल्टर धुळीने गच्च झालेला नाही ना? आणि ऊन कोणत्या बाजूला आहे? दुपारनंतर गाडी उत्तरेकडे जात असेल तर पश्चिमेचे ऊन डाव्या बाजूवर येणारच. हे ऊन ओळखण्यासाठी कित्येक गाड्यांत डॅशबोर्डवर, काचेजवळ, एक लहानसे भिंग बसविलेले असते. आपली मंडळी नेमके त्याच जागी गणपती बसवितात, नाहीतर घडी केलेला टॉवेल ठेवतात. यंत्राला वाटते सावली आहे, आणि ते थंडी कमी करते. आमच्याच एका सभासदाची तक्रार ह्या टॉवेलवर येऊन संपली. कामगारांचा पुढारी म्हणून हे सांगावयास नको होते. पण खरे ते खरे.

त्यानंतर थर्मामीटर. दोन साधे थर्मामीटर घ्यावे, मधल्या जाळ्यांपैकी डाव्या आणि उजव्या जाळीत एकेक खोवावा. दोन्ही बाजू अगदी थंडवर लावाव्या, आतलीच हवा फिरती ठेवावी, ब्लोअर मध्यम ठेवावा, आणि मोकळ्या जागेत इंजिन थोडे वाढवून दहा मिनिटे थांबावे. दोन-तीन अंशांचा फरक असला तर चिंता नको. दहा अंशांचा असला तर दोष आहे.

मग उलट परीक्षा. इंजिन तापल्यावर गरम बाजूचे बटण अगदी गरमवर न्यावे, पुन्हा अगदी थंडवर आणावे. हवा ढिम्म बदलली नाही, तर झडप अडकलेली आहे किंवा तिची मोटर गेलेली आहे. डॅशबोर्डमागून टिक् टिक् असा आवाज येत असेल तर प्लास्टिकचे दाते तुटल्याची ती खूण होय. नुकतीच बॅटरी काढून बसविली असेल, तर कधी मोटर धड असून आपली जागा विसरलेली असते. तिला पुन्हा शिकवावे लागते. काही गाड्यांत हे आपोआप होते, काहींत गॅरेजातला स्कॅनर लागतो. थंडीच्या मुलखात याच्या उलट तक्रार येते. हीटर लावूनही एक बाजू गारच राहते. तेथे हीटरची कॉइल गाळाने तुंबली आहे काय, हेही पाहावे लागते.

हवा बटणाप्रमाणे बदलते, गरमही नीट होते, पण थंडवर आणली की एक बाजू पुरेशी गार होत नाही, असे आढळले तर मात्र गॅसचा संशय घ्यावा. गॅस कमी झाला की कूलिंग कॉइलचा काही भागच गार होतो. गार भागावरून जाणारी हवा एका बाजूला जाते, कोमट भागावरून जाणारी दुसऱ्या बाजूला. म्हणून गॅस भरणे हा मूर्खपणा नव्हे. तपासल्यावाचून भरणे हा मूर्खपणा. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कोठून तरी गळला आहे. गळती शोधून बंद केल्याशिवाय भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. आणि किती भरावयाचा ते बॉनेटखालच्या लेबलावर ग्रॅममध्ये छापलेले असते. आतला सर्व गॅस यंत्राने काढून, वजन करून, तेवढाच भरावा. कमी जसा वाईट तसा जास्तही वाईट. हे काम घरी कोणी करू नये. सुटलेला गॅस कातडी गोठवितो, आणि हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट पृथ्वी तापवितो.

आता आमच्या सभासदाचे काय झाले ते सांगतो. एका रविवारी आम्ही साहेबांना विनंती करून गाडी मिस्त्रींच्या अंगणात आणविली. साहेब स्वतः आले, हे त्यांच्या मोठेपणात जमा करावे लागेल. थर्मामीटर लावले. दहा मिनिटांनी उजवीकडे दहा अंश, डावीकडे तेवीस. मिस्त्री साहेबांना म्हणाले, "आता तुमच्याच हातानं बटण फिरवा." साहेबांनी डावे बटण गरमवर नेले, थंडवर आणले. पारा हलला नाही. "कान लावा," मिस्त्री म्हणाले. डॅशबोर्डमागे टिक् टिक् चालले होते. पुढे मोटर खोलली, तेव्हा दाते तुटलेले निघाले. गॅस काढून तोलला, तो लेबलावरील आकड्याहून जास्तच भरला. तीनदा गॅस भरला गेला तो ह्या तुटक्या दात्यांपायी.

मग आम्ही पत्र लिहिले. त्यात एकही कडक शब्द नव्हता; दोन आकडे होते, आणि कायद्याची एक आठवण होती. कामगाराच्या हयगयीने नुकसान झाले म्हणून पगार कापावयाचा असेल, तर त्याला आधी आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे, असे १९३६ च्या वेतन कायद्यात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. पुढच्या पगारात कापलेले पैसे परत आले. ताकीदही मागे घेतली गेली. ते गृहस्थ आजही तीच गाडी चालवितात.

आपण म्हणाल, हा तर भाग्यवानांच्या गाडीतला प्रश्न. खरे आहे. १९०२ साली अमेरिकेत विलिस कॅरिअर ह्यांनी आधुनिक वातानुकूलनाची पहिली योजना आखली, ती ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी. दमट हवेने कागद फुगे आणि रंग जागेवर बसत नसत, म्हणून. थंडी आली ती कागदाच्या सोयीसाठी. माणसाची पाळी मागाहून आली. आपल्या देशात ट्रकचालकाची पाळी यावयास फार काळ लागला. २०२५ सालच्या ठरलेल्या तारखेपासून बनणाऱ्या मध्यम व अवजड मालट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन असलेच पाहिजे, असा नियम झाला. त्याआधी बनलेल्या गाड्यांना तो लागू नाही, आणि रस्त्यावर त्यांचीच संख्या मोठी. म्हणजे एकाच महामार्गावर, शेजारशेजारच्या दोन केबिनांत, दोन ऋतू चालले आहेत. तेथेही आमची मागणी करण्याची रीत आता हीच आहे. आधी केबिनमध्ये थर्मामीटर लावतो, दुपारी दोनचा आकडा वहीत लिहितो, आणि मग ती वही घेऊन मालकांच्या दारात जातो.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी गाडी असेल, काहींच्या गाडीवर चालकही असेल. ह्या उन्हाळ्यात एक बाजू गरम झाली, तर माणसावर संशय घेण्यापूर्वी बाजारातून दोन थर्मामीटर आणा, जाळ्यांत खोवा आणि दहा मिनिटे थांबा. बटण चालकाला फिरवू द्या, मग स्वतः फिरवून पाहा. दहा मिनिटांच्या ह्या तपासात कोणाची तरी नोकरी वाचते.