पंप बदलण्याआधी टाकीचं झाकण उघडून बघा

मी बोलतोय दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातून, म्हणजे आपल्या डीआयपीतून. मूळचा कराडकडचा, पेशाने मेकॅनिक. इथल्या एका गॅरेजात मोटरसायकलींचं काम करतो. आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत निम्म्याहून जास्त डिलिव्हरीवाल्या भावांच्या असतात, आणि उन्हाळा लागला की एक तक्रार हमखास येते : "दादा, गाडी दुपारी बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप चालू होते."

आज त्यावरच बोलायचंय. गाडीचा फ्युएल पंप. पेट्रोल पंप म्हटलं की आपल्याला पेट्रोल भरायची जागा आठवते, म्हणून मी फ्युएल पंपच म्हणतो.

आधी माझी एक चूक सांगतो. एका जुलै महिन्यात सोलापूरकडचा एक मुलगा गाडी ढकलत आला. घामाने निथळत होता. तक्रार हीच. मी गाडी नीट न तपासताच सांगून टाकलं, पंप गेला. नवा पंप म्हणजे त्याची कित्येक दिवसांची कमाई. त्याने कुणाकडून तरी उसने घेतले, मी पंप बसवला. तिसऱ्या दिवशी पोरगा परत दारात. गाडी तशीच बंद पडली होती. पेट्रोल किती आहे ते बघायला त्याने माझ्यासमोर टाकीचं झाकण उघडलं आणि 'फुस्स' असा आवाज आला. सेल्फ मारला, गाडी चालू. झाकणातलं हवेचं बारीक छिद्र इथल्या धुळीने बुजलं होतं. पेट्रोल कमी होत जाई, त्याजागी हवा आत येत नसे, टाकीत ओढ तयार होई आणि पंपाला पेट्रोल मिळत नसे. जुना पंप ठणठणीत होता. मी मजुरी परत दिली, पंपाचे निम्मे पैसेही दिले. तो फक्त एवढंच म्हणाला, "दादा, आता तरी पक्कं ना?" ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

पंप गरम होऊन दमला तरी गाडी दुपारी बंद पडते आणि निवली की चालू होते. झाकण बुजलं तरी अगदी तसंच होतं. म्हणून गाडी बंद पडली की, इंजिन थोडं निवू देऊन, जवळपास कुणी सिगारेट ओढत नाही ना हे बघून, झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर झाकण साफ करायचं. खर्च जवळपास शून्य.

तसं झालं नाही, तर पुढे चला. किल स्विच चालूवर आहे ना बघा आणि चावी फिरवा. टाकीतून दोन-तीन सेकंद 'ईंऽऽ' असा बारीक आवाज यायला हवा. तो पंपाचा आवाज. अजिबात आला नाही तर आधी फ्यूज, मग रिले, मग बॅटरी बघा. उभ्या गाडीच्या बॅटरीला साधारण साडेबारा व्होल्ट हवेत. त्यानंतर पंपाच्या कपलरवर मीटर लावून चावी फिरवा. त्या दोन-तीन सेकंदांत बॅटरीइतके व्होल्ट दिसले आणि तरी पंप गप्प, तर पंपच गेला. आवाज येतोय पण गाडी चढाला दमते, वेगात झटके खाते, तर गॅरेजात दाब मोजून घ्या. आपल्या लहान गाड्यांत तो बहुधा ३ बारच्या आसपास असतो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. इंजिनाचा पिवळा दिवा लागला नाही म्हणून पंप चांगला, असं समजू नका. बऱ्याच लहान गाड्यांत पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सरच नसतो.

आणि दाब कमी भरला तरी पंपाखालची जाळी आधी बघा. ती गाळाने भरली असली तरी दाब पडतो.

आता पंप खरंच बदलायचाय असं धरू. गाडी कंपनीची असेल तर आधी सुपरवायझरला विचारा, वॉरंटीचा प्रश्न असतो. स्वतःची असेल आणि हात बसलेला असेल, तर करता येतं. पण एक गोष्ट कळकळीने सांगतो : हे काम राहायच्या खोलीत, कॉरिडॉरमध्ये किंवा बंद पार्किंगमध्ये करू नका. बाहेर ऊन आहे म्हणून एसीत टाकी उघडणारे मी पाहिलेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते, पलंगाखालून, दाराखालून पुढे सरकते, आणि शेजारच्या स्वयंपाकघरातली एक ठिणगी तिला पुरते. एका खोलीत किती माणसं झोपतात ते तुम्हाला माहीत आहे. काम सकाळी लवकर, उघड्यावर, सावलीत करा. पावडरचं अग्निशामक जवळ ठेवा. आग लागलीच तर सिव्हिल डिफेन्सचा नंबर ९९७.

इंजिन थंड हवं, टाकीत पेट्रोल कमीत कमी हवं. सीट काढा, पंपाचा कपलर सोडा आणि गाडी चालू करा. पाइपातलं पेट्रोल संपून ती आपोआप बंद पडेल. म्हणजे पाइपातला दाब गेला. आता बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पाइप सोडताना भोवती फडकं धरा, थोडं पेट्रोल येतंच. टाकी काढून उरलेलं पेट्रोल झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये ओता आणि टाकी जुन्या चादरीवर उलटी ठेवा. पंपाच्या प्लेटचे बोल्ट एकदम एक न काढता समोरासमोरचे थोडे थोडे सैल करा. प्लेट कुठल्या दिशेने बसली आहे त्याची खूण करा. पंप तिरका करून हळू बाहेर काढा, कारण पेट्रोलचा काटा दाखवणारी तरफ त्यालाच असते. ती वाकली की काटा कायमचा खोटं बोलतो.

टाकीत बॅटरी मारून बघा. तळाला गंज किंवा वाळू असेल तर आधी टाकी धुवा, नाहीतर नव्या पंपाची जाळी महिन्याभरात भरेल. काही गाड्यांना नुसती पंपाची मोटर मिळते, ती पूर्ण संचापेक्षा स्वस्त पडते. घ्यायला हरकत नाही, पण आतला छोटा पाइप पेट्रोलमध्ये बुडून राहणाऱ्या जातीचाच घ्या. साधा रबरी पाइप फुगतो, सुटतो. ओ-रिंग नवीनच घाला. सिलिकॉन लावू नका, पेट्रोलमध्ये त्याचे तुकडे सुटतात आणि इंजेक्टरपर्यंत जातात. बोल्ट परत समोरासमोर, हलक्या हाताने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या जोरानेच आवळा. आणि नवा पंप टेबलावर बॅटरीला लावून आवाज ऐकायचा मोह टाळा. कोरडा चालला की तो आतून घासतो.

टाकी बसवा, दोन-तीन लिटर पेट्रोल टाका, वायर जोडा. चावी तीन-चार वेळा चालू-बंद करा म्हणजे पाइप भरेल. कुठे ओल दिसते का, वास येतो का बघा. सगळं कोरडं असेल तरच सेल्फ मारा. उरलेलं घाण पेट्रोल गटारात किंवा वाळूत ओतू नका, गॅरेजात द्या.

आता पंप इतक्या लवकर का जातात? गावाकडच्या आपल्या जुन्या गाड्या कार्बोरेटरच्या होत्या. टाकीतून पेट्रोल आपल्या वजनाने खाली यायचं. संपलं की कॉक रिझर्व्हला लावायचा, तेही संपलं की गाडी आडवी करायची आणि पुढचे एक-दोन किलोमीटर काढायचे. त्यात गाडीचं काही बिघडत नव्हतं. १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ आलं आणि जवळपास सगळ्या मोटरसायकली इंजेक्शनच्या झाल्या. इथे आपण चालवतो त्यातल्या बऱ्याच गाड्या भारतातच बनलेल्या आहेत. या गाड्यांत पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडून असतो. तेच पेट्रोल त्याला थंड ठेवतं. आपण मात्र सवयीने दहा दिरहमचं भरतो आणि शेवटची काडी लुकलुकेपर्यंत पळवतो. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत पंप उघडा पडलेला. तो तापणारच. पेट्रोल तेवढंच लागतं, पैसेही तेवढेच जातात. फक्त पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका.

शेवटचं. शेख मोहम्मद बिन झायेद रोडवर गाडी अचानक दमली, तर इंडिकेटर लावून कडेला घ्या, गाडीपासून दूर, कठड्याच्या पलीकडे उभे राहा आणि फोन करा. ऑर्डर उशिरा पोचली तर चालेल. ट्रकच्या वाटेत वाकून प्लग बघत बसू नका.

तो सोलापूरचा मुलगा अजून माझ्याकडेच येतो. आता गाडी आली की मी पहिल्यांदा झाकण उघडतो, आणि तो हसतो. तुम्हीही उद्या कामावर निघताना एकदा झाकणाचं छिद्र बघून घ्या. सांभाळून चालवा. नमस्कार.