आधी ओहम, मग वॅट
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मिरजेच्या तंतुवाद्यांच्या कारागिरांकडे कधी गेलात तर एक काम जरूर पाहा. सतारीच्या घोडीवर कानस फिरवत कारागीर पुन्हा पुन्हा तार छेडून ऐकत असतो. यालाच जवारी काढणे म्हणतात. घोडीचा माथा किंचित उतरता ठेवलेला असतो. तार त्याला घासत कंप पावते आणि तो ओळखीचा झणकार उमटतो. काटेकोर बोलायचे तर तारेने कशाला घासणे हा दोषच. पण तो दोष काढून टाकला तर सतार सतार राहणार नाही.

इलेक्ट्रिक गिटारच्या बाबतीत हे जवारीचे काम बरेचसे करतो तो तिच्या अ‍ॅम्प्लिफायरमधला स्पीकर. हा स्पीकर फाटला, जळला किंवा मनातून उतरला, तर त्याच्या जागी दुसरा कसा निवडायचा, याविषयी आज बोलणार आहे. ध्वनियंत्रणांच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षे गेली. हल्ली गिटार शिकणारी मुले गल्लोगल्ली दिसतात आणि त्यांच्या पालकांचा पैसा नेमका या एका खरेदीत वाया जाताना मी पाहतो.

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्या घरातल्या म्युझिक सिस्टिमचा स्पीकर कोऱ्या काचेसारखा असावा लागतो. लताबाईंचा आवाज जसा ध्वनिमुद्रित झाला तसा तो आपल्यापर्यंत यावा, मध्ये स्पीकर जाणवूही नये. गिटारचा स्पीकर याच्या अगदी उलट. साधारण ७५ ते ५,००० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात तो नीट काम करतो. वरच्या सुरांसाठी वेगळा छोटा ट्विटर त्यात नसतो आणि नसावाच. कारण गिटारवादक अ‍ॅम्प मुद्दाम ताणून आवाज फाडतात, तेव्हा त्यात वरच्या पट्टीचा प्रचंड कचरा तयार होतो. घरच्या सिस्टिमवर तोच आवाज ऐकला तर पत्र्याचा डबा फरशीवर घासल्यासारखा वाटेल. बारा इंची कागदी शंकू, ज्याला बाजारात कोन म्हणतात, तो हा कचरा गिळून टाकतो. शिवाय जोर आला की हा कागद जागोजाग दुमडतो, थरथरतो आणि आपल्या पदरची भर घालतो. हल्ली संगणकावर गिटार ध्वनिमुद्रित करणारे लोक खऱ्या स्पीकरऐवजी डिजिटल फाइल वापरतात. ही फाइल असते कशाची? स्पीकर, त्याची पेटी आणि समोरचा मायक्रोफोन यांच्या आवाजाची. स्पीकर बनवणाऱ्या कंपन्याच आता अशा फाइली विकतात.

इतिहासातले एक उदाहरण सांगतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांच्या कंपनीचा बासमन नावाचा अ‍ॅम्प पन्नासच्या दशकात निघाला. पुढे त्यात दहा इंची चार स्पीकर बसवले जाऊ लागले. त्यांत शिकागोच्या जेन्सन कंपनीचे स्पीकर असत. पेटी मागून उघडी. १९६२ मध्ये लंडनच्या पश्चिमेला हॅनवेल भागात जिम मार्शल यांच्या दुकानात काही तरुणांनी या बासमनचा विद्युत आराखडा जवळपास तसाच उचलला. पण स्पीकर घेतले इंग्लंडच्याच सेलेस्शन कंपनीचे, बारा इंची, आणि ते चार-चार करून मागून बंद असलेल्या पेटीत घातले. व्हॉल्व्ह आणि ट्रान्स्फॉर्मरचाही फरक होता, हे खरे. तरी अमेरिकी अ‍ॅम्पची काचेसारखी किणकिण जाऊन पुढे रॉक संगीताचा म्हणून ओळखला गेलेला दाट, गुरगुरणारा आवाज आला, त्यात त्या स्पीकरचा आणि पेटीचा वाटा फार मोठा. (आणि ज्यांना एवढ्यानेही भागले नाही त्यांनी स्पीकरवर हत्यार चालवले! लिंक रे या अमेरिकी वादकाने १९५८ च्या सुमारास कोनला भोके पाडली. इंग्लंडच्या किंक्स बँडमधल्या डेव्ह डेव्हिसने १९६४ मध्ये ब्लेडने तो चिरला. घरी करून पाहू नका, हे सांगायला नकोच.)

आता खरेदीकडे वळू. वसईचा एक तरुण माझ्याकडे आला होता. त्याचे काका लग्नाच्या बँडमध्ये गिटार वाजवत. काका गेले आणि त्यांचा इंग्लंडात बनलेला ३० वॅटचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प याच्याकडे आला. आत बारा इंची दोन स्पीकर, त्यातल्या एकाची व्हॉइस कॉइल जळलेली. एका दुकानदाराने त्याला सल्ला दिला होता, ‘‘दोन्ही काढून टाक. मंडपातले दोनशे-दोनशे वॅटचे दोन घाल, छप्पर उडेल.’’ पैसे घेऊन तो निघालाच होता.

मी त्याला म्हटले, ‘‘अरे, आधी मागची पट्टी वाच.’’ त्यावर १६ ओहम असे लिहिले होते. सगळ्या निवडीत पहिला प्रश्न हा. ओहम म्हणजे स्पीकर विजेच्या प्रवाहाला किती अडवतो त्याचे माप. गिटारचे स्पीकर बहुधा ४, ८ किंवा १६ ओहमचे मिळतात. काकांच्या अ‍ॅम्पमध्ये ८ ओहमचे दोन स्पीकर एकामागे एक जोडलेले होते. अशा जोडणीत बेरीज होते, म्हणून १६. दुकानदार ८ ओहमचेच दोन देणार होता, पण मंडपवाल्यांच्या पद्धतीने समांतर जोडून. समांतर जोडणीत माप निम्मे होते, म्हणजे ४. सोळाच्या जागी चार! व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला असे चालवले तर व्हॉल्व्ह लवकर खर्ची पडतात आणि दैव फिरले तर आउटपुट ट्रान्स्फॉर्मर जातो. जुन्या परदेशी अ‍ॅम्पचा ट्रान्स्फॉर्मर पुन्हा मिळवणे म्हणजे स्पीकरच्या कितीतरी पट त्रास. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पचेही तेच: लिहिलेल्यापेक्षा कमी ओहमचा स्पीकर लावला तर तो जास्त प्रवाह ओढतो आणि आतले भाग तापतात. जास्त ओहमचा चालतो, आवाज थोडा कमी होतो इतकेच. मात्र व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकर न जोडता कधीही वाजवू नये.

इथे मल्टिमीटरवाल्यांसाठी एक सूचना. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साडेसहाच्या आसपास दाखवतो, १६ चा बारा-तेरा. स्पीकर खराब नाही. मीटर केवळ तारेचा रोध मोजतो, ओहमचा छापील आकडा आवाजाच्या लहरींसाठी असतो.

ओहम जुळले की मग वॅट. स्पीकरवरचा वॅटचा आकडा म्हणजे आवाजाचा आकडा नव्हे! किती मार तो सोसू शकतो, एवढेच तो सांगतो. ट्रकवर दहा टन लिहिले म्हणून तो वेगाने धावत नाही, तसेच हे. ३० वॅटचा अ‍ॅम्प पूर्ण ताणला की त्याहून बरीच जास्त शक्ती बाहेर टाकतो, म्हणून स्पीकरांची मिळून क्षमता दीडपट ते दुप्पट असावी. इंग्लंडच्या व्हॉक्स कंपनीचा एसी-३० हा ज्या अ‍ॅम्पवर शॅडोज आणि सुरुवातीचे बीटल्स वाजले, त्यात प्रत्येकी १५ वॅटचे दोनच निळे सेलेस्शन असत. तीसला तीस, राखीव काही नाही. आवाज अप्रतिम, पण जोरात वाजवणाऱ्यांनी ते जाळलेही. दुसऱ्या टोकाला जाण्यातही अर्थ नाही. पाच वॅटच्या अ‍ॅम्पला शंभर वॅटचा स्पीकर लावला तर काही बिघडणार नाही, पण त्याचा जाड कोन जागचा हलणार नाही आणि तो थरथरण्याचा गुण गमावून बसाल.

मग मोठा आवाज कशावर ठरतो? तर संवेदनशीलतेवर. एक वॅट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल, हा आकडा कंपनीच्या तक्त्यात असतो आणि गिऱ्हाईक तो क्वचितच वाचते. सेलेस्शनचा ग्रीनबॅक ९८ डेसिबलचा, व्हिंटेज-३० आणि निळा १०० चे. दोनचा फरक किरकोळ वाटतो. पण तीन डेसिबल म्हणजे अ‍ॅम्पची शक्ती दुप्पट करण्यासारखे आहे. ९७ चा स्पीकर काढून १०० चा लावला तर १५ वॅटचा अ‍ॅम्प ३० वॅटच्या बरोबरीने बोलतो. उलट मुंबईच्या छोट्या फ्लॅटमध्ये वाजवणाऱ्याने मुद्दाम कमी डेसिबलचा घ्यावा, शेजारी सुखी.

वसईच्या मुलाला मंडपाचे स्पीकर नको म्हणण्याचे दुसरे कारण स्वभावाचे. मंडपातला वूफर खालचे सूर सांभाळायला केलेला असतो, वरचे काम भोंग्याकडे. गिटारच्या स्पीकरला दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपास मुद्दाम एक उठाव दिलेला असतो, त्यानेच गिटार बँडमध्ये ऐकू येते. वूफरवर काकांची गिटार रजईखालून बोलल्यासारखी लागली असती. स्वभावाचे बाकीचे वर्णन शब्दांत करणे अवघड. ढोबळ सांगायचे तर ग्रीनबॅक मऊ आणि मध्यसप्तकात भरलेला, व्हिंटेज-३० पुढे येऊन बोलणारा, काहींना टोचणारा, आणि जुन्या जेन्सनच्या वळणाचे स्पीकर स्वच्छ, किणकिणते. चुंबकावरूनही फार वाद घातले जातात. जुन्या स्पीकरांत अ‍ॅल्निको म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टचे चुंबक असे. ते महाग म्हणून साठच्या दशकातच सिरॅमिक चुंबक येऊ लागले, आणि १९७८ मध्ये तेव्हाच्या झैरेतल्या शाबा प्रांतातल्या लढाईने कोबाल्टचा भाव कडाडला तेव्हा उरलेसुरले अ‍ॅल्निकोही मागे पडले. म्हणजे हा बदल हिशेबाचा होता, कानाचा नव्हे. अ‍ॅल्निको आज पुन्हा दामदुपटीने विकले जातात. माझ्या मते नुसत्या चुंबकापेक्षा कोनचा कागद आणि कॉइलचा आकार आवाज जास्त ठरवतात; सिरॅमिकला कमी लेखू नये.

त्या मुलापुढे खरा पेच निराळा होता. एक स्पीकर शाबूत होता, काकांचा आवाज त्यातच होता. जोडी टिकवायची म्हणून तोही काढायचा का? मी म्हटले, नाही. एकच नवा घ्यायचा: ८ ओहमचा, २५ वॅटचा, जुन्याच्या जवळपास डेसिबलचा. संवेदनशीलतेत फार फरक असला तर एक दुसऱ्याला गिळतो. दोघे मिळून अ‍ॅम्पला पुरून उरतात, आणि दोन भिन्न स्वभावांचे स्पीकर एका पेटीत घालणे ही तर कित्येक वादकांची आवडती युक्ती आहे.

जळलेला स्पीकरही मी टाकू दिला नाही. लॅमिंग्टन रोडच्या परिसरात, म्हणजे भडकमकर मार्गावर, कोन आणि कॉइल बदलून देणारे कारागीर आहेत. पण ते सहसा मंडपाचे साहित्य भरतात. तसा जाड कोन भरला की सांगाडा जुना आणि गळा परका. गिटारचाच कोन मिळेपर्यंत सांगाडा आणि चुंबक कपड्यात गुंडाळून ठेवणे बरे. नुसता कोन दोन बोटे फाटला असेल तर मात्र नवा घेऊच नका. पातळ कागदाची पट्टी आणि पांढरा गोंद लावून तो वर्षानुवर्षे चालतो. फाटला की जळला हे ओळखायला दोन्ही हातांच्या बोटांनी कोन अलगद, सरळ आत दाबा. खरखर आली तर कॉइल घासते आहे, तिथे गोंदाचे काम नाही. आणि त्याही आधी अ‍ॅम्प दुसऱ्या, त्याच ओहमच्या स्पीकरला जोडून पाहा. कितीदा तरी दोष आतल्या सैल तारेचा निघतो.

बसवताना दोन गोष्टी. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टोकांना लावा. अधिक टोक लाल खुणेला लावले की कोन पुढे यायला हवा. दोन स्पीकर उलटसुलट जोडले गेले तर एक पुढे येताना दुसरा मागे जातो आणि खर्ज नाहीसा होतो. जुन्या जेबीएल स्पीकरांत ही खूणच उलटी असे, म्हणून लाल रंगावर विसंबू नका, डोळ्यांनी पाहा. दुसरे, स्क्रू समोरासमोरचे घ्या, थोडे थोडे आवळा. जोर केला तर सांगाडा वाकतो आणि नवी कॉइल पहिल्याच दिवशी घासू लागते.

वसईच्या त्या मुलाचा आठवडाभराने फोन आला. म्हणाला, ‘‘सर, नवा जरा कर्कश वाटतो, परत करू का?’’ नव्या कोनची कड ताठ असते. काही तास, काही वेळा काही आठवडे वाजवल्यावर ती सैल होते, वरची टोचणी कमी होते, खर्ज उघडतो. मी त्याला रोज तासभर वाजवायला सांगितले, आणि पावसाळ्यात अ‍ॅम्प ओल आलेल्या भिंतीपासून हातभर लांब ठेवायला. कागदच तो, त्याला बुरशी धरते.