'आम्ही' आणि 'आपण'



स्मृतिव्याख्यानाला भारदस्त विषय असावा, असा संकेत आहे. मी मात्र रोजच्या वापरातल्या दोन लहान शब्दांविषयी बोलणार आहे : 'आम्ही' आणि 'आपण'.

यजमान 'आम्ही जेवायला बसतो' म्हणाले, तर पाहुण्याने निरोप घ्यावा. 'आपण जेवायला बसू' म्हणाले, तर हातपाय धुवावेत! ऐकणाऱ्याला वगळणारा एक शब्द आणि सामावून घेणारा दुसरा, हा भेद संस्कृतच्या 'वयम्'मध्ये नाही. शेजारच्या तेलुगूत मात्र आहे : 'मेमु' म्हणजे आम्ही, 'मनमु' म्हणजे आपण. द्राविड भाषांच्या सहवासाने तो मराठीत रुजला, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. 'आपण' हा शब्द मात्र संस्कृत 'आत्मन्'पासून प्राकृतातून आलेला. म्हणजे शब्द उत्तरेचा, त्यावरील संस्कार दक्षिणेचा.

दूर पॅसिफिक महासागरातील पॉलिनेशियन भाषांतही हाच विवेक आढळतो. न्यूझीलंडच्या माओरीत 'तातोउ' म्हणजे आपण सर्व, 'मातोउ' म्हणजे आम्ही. दोघांपुरते बोलायचे तर 'ताउआ' आणि 'माउआ' असे आणखी वेगळे शब्द. तोंड उघडताच कोण आत, कोण बाहेर, हे सांगावेच लागते.

हैदराबादच्या मराठी माणसाला हा प्रश्न नवा नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आम्ही येथेच राहिलो. मग 'आपण' म्हणताना कोणाला धरायचे? तिकडच्या आप्तांना, की तेलुगू-उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्यांना? दोघांनाही धरूनच येथील मराठी जगली.

परवा माझा नातू म्हणाला, ''आजोबा, आम्ही उद्या सालारजंग म्युझियम बघायला जाऊ.'' मी विचारले, ''आणि मी घरीच?'' तो गोंधळला. त्याच्या मनात मी होतो. वाक्यात मात्र नव्हतो. 'हम' आणि 'वुई' यांच्या सवयीने त्याच्या मराठीतला भेद पुसला गेला होता. ही केवळ व्याकरणातील चूक मानून सोडून द्यावी, असे मला वाटत नाही.

स्वतः, आदरणीय तुम्ही आणि दोघे मिळून, असे तिन्ही अर्थ 'आपण' या एका शब्दात नांदतात. तो पुस्तकातून शिकवता येत नाही; घरात, जेवणाच्या पानावर, मुलांशी बोलूनच द्यावा लागतो. तेवढे आपण करू या.