वीणा कुणाच्या गळ्यात?

सेवा करा, हे तुम्हाला मी काय सांगावं? तुम्ही ती करताच. पण सेवेची आखणी कशी करावी आणि ती तरण्या पोरांना कशी शिकवावी, हे आपण फारसं बोलत नाही. आज तेच बोलू.

माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं सांगतो. पुणे ते सासवड, माऊलींच्या वाटेवरची मोठी मजल. आमच्या दिंडीत दोनशे माणसं. मुक्कामाला पिठलं-भाकरी वेळेवर तयार, वाढायला बारा जण उभे. पण पाण्याचा टँकर आलाच नाही! हा म्हणतो, ‘मला वाटलं त्यानं सांगितलं.’ तो म्हणतो, ‘मला वाटलं यानं सांगितलं.’ दिवे घाट चढून आलेली एक म्हातारी भोवळ येऊन खाली बसली. शेजारच्या दिंडीनं तांब्याभर पाणी दिलं, तेव्हा सावरली. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, ‘लेकरांनो, भाकरी उद्या खाईन, पाणी आज लागतं.’

सांगा बरं, आमचा भाव कमी पडला होता का? भाव भरपूर होता. पण पाण्याचं काम सगळ्यांचं होतं, म्हणून ते कुणाचंच नव्हतं.

आणि याचं उत्तर आमच्याच दिंडीत चालत होतं, बघा! दिंडीत टाळकरी कितीही असोत, वीणा एकाच्या गळ्यात. ती जमिनीवर टेकत नाही. वीणेकऱ्याला जायचं असेल तर तो ती दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, पाया पडतो, मग जातो. ‘कुणीतरी घेईल’ म्हणून ठेवून जात नाही. प्रत्येक काम असंच द्या. वहीत तीन रकाने आखा: काम कोणतं, कुणाचं, कधीपर्यंत. पाण्यासमोर एकच नाव. त्याला ताप आला, तर त्यानं दुसऱ्याला समोर उभं करून काम सोपवायचं.

दुसरं, मागून मोजत या. आषाढी एकादशी कुणासाठी पुढं ढकलतात का? नाही. म्हणून आळंदीचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला. मधल्या मजला, मुक्काम सगळे ठरलेले. तुमचं अन्नदान असो, आरोग्य शिबिर असो, शेवटचा दिवस आधी धरा आणि तिथून उलटं या. माणसं दोनशे, माणशी चार लिटर पाणी, म्हणजे आठशे लिटर. टँकर किती वाजता? आदल्या दिवशी जागा कोण बघणार? हे लिहिलं की निम्मी धावपळ तिथंच संपते.

तिसरं सगळ्यात मोलाचं. मुक्कामाला समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप उंच करतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ वाजतच राहतात. चोपदार तिथं जातात, ऐकून घेतात, मार्ग काढतात. हरवलं-सापडलं तेही तिथंच सांगतात. आणि मग आरती. केवढी शहाणी रीत आहे ही! तक्रार झाकून आरती होत नाही. तुम्हीही रोज रात्री सेवेकऱ्यांना घटकाभर बसवा आणि विचारा, ‘कुणाचे टाळ वाजतायत?’ जो अडचण सांगेल त्याला रागावू नका. आज त्याला गप्प केलंत, तर उद्या टँकर येणार नाही आणि तुम्हाला कळणारही नाही.

पोरांना शिकवायचं तेही असंच. आधी लहान काम द्या, पण पूर्ण द्या. त्याच्या शेजारून चाला. चुकला तर सांगा, पण गळ्यातली वीणा हिसकावून घेऊ नका. हिसकावलेली वीणा तो पुन्हा मागायला येत नाही.

आम्ही दुसऱ्या वर्षी पाण्याचं काम एका विशीतल्या पोराला दिलं. सासवडला टँकर आमच्या आधी येऊन उभा होता. ती म्हातारीही होती. पोरानं पहिला तांब्या तिला दिला. तिनं त्याच्याच पायाला हात लावला हो! पोरगं रडलं.

माऊली, हिशेबाची वही ही भक्तीच्या बाहेरची गोष्ट समजू नका. तहानलेल्याला वेळेवर मिळालेलं पाणी ही पूजाच आहे. आज घरी जाल तेव्हा एकच करा, आपल्या सेवेतली कोणती वीणा जमिनीवर पडली आहे, ते बघा.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!