चिखलातली लॉग फाइल

(भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले खूपसे 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' गाळलेत, काही राहिलेच आहेत.)

आज पाहुणा कुणी नाही, मी एकटाच बोलणार आहे. विषय आहे चिखल. हसू नका, शेवटपर्यंत ऐका.

सुरुवात माझ्या कामापासून करतो. दोनेक वर्षांपूर्वी रात्री अडीचला फोन वाजला. ऑन-कॉल मी होतो. आमची एक सर्व्हिस दर थोड्या वेळाने मान टाकत होती. लॉग उघडले, तर फक्त मागच्या सात दिवसांचे. डिस्कवरची जागा वाचावी म्हणून जुने लॉग आपोआप पुसले जायचे. बिघाडाचं मूळ मात्र तीन आठवड्यांपूर्वीच्या एका बदलात होतं. त्या सात दिवसांत सगळं नॉर्मल दिसत होतं, कारण बिघडलेली अवस्थाच तोवर आमची नॉर्मल झाली होती. प्रॉब्लेम लॉगपेक्षा जुना होता.

हवामानाचं तसंच आहे. थर्मामीटरच्या व्यवस्थित नोंदी साधारण दीडशे वर्षांच्या. आर्क्टिकमधल्या समुद्री बर्फाची उपग्रहांकडून सलग नोंद १९७९ च्या आसपासपासूनची. अंटार्क्टिकातल्या 'एपिका' प्रकल्पाने खोल बर्फातले हवेचे बुडबुडे तपासले, त्यावरून आठ लाख वर्षं मागे जाता येतं. पण गंमत बघा. त्या आठ लाख वर्षांत हवेतला कार्बन डायऑक्साइड साधारण ३०० पीपीएमच्या वर गेलेलाच नाही. आज तो ४२० च्या वर आहे. म्हणजे आज आपण जिथे उभे आहोत, त्या परिस्थितीची एकही ओळ त्या लॉगमध्ये नाही.

मग त्याहून जुना लॉग कुठे मिळेल? रशियाच्या पार ईशान्य टोकाला, चुकोत्का भागात, एका तळ्याच्या तळाशी. नाव एल्गीगितगिन. मी आठवडाभर उच्चाराची प्रॅक्टिस करतोय. शास्त्रज्ञसुद्धा कंटाळून 'लेक ई' म्हणतात, आपणही तेच म्हणू.

लोणारला गेला असाल तर चित्र लगेच डोळ्यासमोर येईल. लोणारसारखंच हेही उल्का आदळून झालेलं विवर. फक्त लोणारचा व्यास १.८ किलोमीटर आणि याचा १८. आदळलं सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी. खड्ड्यात पाणी साचलं आणि तेव्हापासून तळाशी गाळ बसतोय, थरावर थर. आमच्या भाषेत अपेंड-ओन्ली लॉग. नवी ओळ कायम वर येते, जुनी कुणी बदलत नाही.

पण तळी तर उत्तरेत हजारो आहेत, मग हेच का? कारण हिमयुगात कॅनडा आणि स्कँडिनेव्हियावर किलोमीटरभर जाडीचा बर्फ सरकत होता. त्याने तिथल्या तळ्यांचे जुने तळ खरवडून नेले. चुकोत्काच्या या भागावर तसा बर्फ कधी चढलाच नाही. सगळ्यांचे लॉग पुसले गेले, याचा वाचला.

२००९ च्या हिवाळ्यात जर्मनी, रशिया, अमेरिका आणि ऑस्ट्रिया यांच्या पथकाने गोठलेल्या तळ्यावर ड्रिलिंग केलं. मार्टिन मेलेस, ज्युली ब्रिगहॅम-ग्रेट आणि पावेल मिन्युक हे प्रमुख शास्त्रज्ञ. रिगचं वजन पेलावं म्हणून तळ्यावरचा बर्फ मुद्दाम आणखी जाड केला. खाली १७० मीटर पाणी, त्याखाली ३१८ मीटर गाळ, त्याखाली आघाताने फुटलेला खडक.

आता हा गाळ वाचायचा कसा? त्यात तापमान लिहिलेलं नसतं, खुणा असतात. खूप थंडीच्या काळात तळं वर्षभर गोठलेलं राहायचं. तळाशी ऑक्सिजन पोचायचा नाही, गाळ ढवळणारे जीव नसायचे, म्हणून थर गडद आणि बारीक, वहीच्या पानांसारखे. ऑक्सिजन नसला की मॅग्नेटाइटचे कण विरघळतात, म्हणून तो गाळ चुंबकीयदृष्ट्याही कमजोर. उन्हाळ्यात बर्फ वितळायचा त्या काळात डायटम नावाची सूक्ष्म शेवाळं वाढायची. त्यांचं कवच सिलिकाचं, म्हणून गाळात टायटॅनियमच्या तुलनेत सिलिकॉन वाढतं. आणि परागकण सांगतात की काठावर कोणती झाडं होती.

यातली एकच खूण धरून निष्कर्ष काढला तर फसगत होऊ शकते. चार वेगळ्या खुणा एकच गोष्ट सांगायला लागल्या की विश्वास बसतो. त्या रात्री आम्हीही तेच केलं होतं. लॉग नव्हते, तर डेटाबेसचा बॅकअप, बिलिंगचे आकडे आणि ग्राहकांच्या तक्रारींच्या तारखा जुळवत बसलो.

आणि टाइमस्टॅम्प? कार्बन डेटिंग साधारण ५० हजार वर्षांपर्यंतच चालतं. इथे कामी येतं पृथ्वीचं चुंबकत्व. त्याचे ध्रुव अधूनमधून उलटतात आणि गाळातले कण ती दिशा जपून ठेवतात. मोठे पलटे कधी झाले ते जगभरच्या खडकांवरून ठाऊक आहे, शेवटचा सुमारे ७.८ लाख वर्षांपूर्वी, त्याआधीचा एक सुमारे २६ लाख वर्षांपूर्वी. त्या खुंट्यांना बाकीचे थर टांगायचे.

तर लॉगमध्ये निघालं काय? सुमारे ३६ ते ३४ लाख वर्षांपूर्वी तिथले उन्हाळे आजच्यापेक्षा अंदाजे ८ अंशांनी उबदार होते. आज तिथे एक झाड नाही, नुसता टुंड्रा. तेव्हा पाइन, स्प्रूस, लार्च, हेमलॉकची जंगलं होती. आणि त्या काळात कार्बन डायऑक्साइड किती होता? वेगवेगळ्या पुराव्यांवरून अंदाज निघतो ४०० पीपीएमच्या आसपास. म्हणजे जवळपास आजच्याइतका.

हे वाचून मी लॅपटॉप मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

पण थांबा, याचा अर्थ उद्या तिथे जंगल उगवेल असा नाही. तेव्हाच्या निसर्गाला त्या पातळीशी जुळवून घ्यायला हजारो वर्षं मिळाली होती. आपण २८० वरून ४२० च्या पुढे दोनशे-अडीचशे वर्षांत आलो. लोड वाढवल्या क्षणी सर्व्हर पडत नाही, आधी मेमरी हळूहळू भरत जाते. डॅशबोर्ड हिरवा दिसतोय म्हणून सगळं ठीक आहे असं नसतं. आपण कोणत्या दिशेने निघालोय ते हा गाळ सांगतो. किती वेगाने पोचणार, आणि पोचायचं की नाही, ते मात्र अजून बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

जाता जाता एक. हे सगळं परक्यांचंच काम आहे असं समजू नका. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकात आपलं 'मैत्री' स्थानक ज्या शिरमाकर ओअ‍ॅसिसमध्ये आहे, तिथे शंभरावर तळी आहेत आणि त्यांच्या गाळावर भारतीय शास्त्रज्ञ काम करतात. लोणारच्या तळातूनही गाळ काढून सुमारे ११ हजार वर्षांच्या पावसाचा माग घेतला गेलाय.

आमच्या टीमने त्या रात्रीनंतर लॉग नव्वद दिवस ठेवायला सुरुवात केली. डिस्कचं बिल वाढलं, पण कुणी कुरकुर केली नाही.

चला, इथेच थांबतो. प्रश्न असतील तर नक्की पाठवा, पुढच्या भागात घेऊ. काळजी घ्या!